हजाराव्या दिवसाचे लुम्पिया

लासेम, गुरुवार, ७ मे १९९८

हुई,

हे पत्र वाचून झालं की जाळून टाक. सुतिक्नोने वाचलं तरी हरकत नाही, जावई भला माणूस आहे, पण त्याच्या आईच्या हाती पडू देऊ नकोस.

आमचं बरं चाललंय. बांबूचे कोंब यंदा महाग आणि वर चिवट, तीनदा उकळी दिली तरी वास जात नाही. गिऱ्हाइकं येतात, भाव विचारतात, तोंड वाकडं करतात आणि तरी घेऊन जातात. तुझ्या पापांचे गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत.

एक विचारायचं होतं. दुकानात एक बाई येतात, त्यांनी विचारलं म्हणून विचारते. समजा, तुमच्या धर्मातल्या कुणी नकळत डुकराचं काही खाल्लं. मांस नाही, नुसती चरबी, तीही तळणीपुरती. तर त्याचं पाप खाणाऱ्याला लागतं की वाढणाऱ्याला? तू लग्नाच्या वेळी सगळं शिकून घेतलंयस, तुला ठाऊक असेल. त्या बाईंना जरा घाई आहे. उत्तर नेहमीसारखं यू मुसच्या पत्त्यावर धाड. भिंतीपलीकडे ती नसती तर या नऊ वर्षांत तुझं एक अक्षर मला मिळालं नसतं. आपल्या दारात पोस्टमन तुझं पाकीट घेऊन आला तर तुझे पापा ते न फोडता परत पाठवतील.

आई

पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. ती बाई मीच आहे गं.

काल यू मुसकडे तिच्या नवऱ्याचं, मासरुखीनचं, हजाराव्या दिवसाचं जेवण होतं. मासरुखीन तुला आठवतोच, नमाजघरात पोरांना शिकवायचा आणि तू खिडकीशी उभी राहिलीस की तुलाही भाजके शेंगदाणे द्यायचा. माणूस गेल्याला हजार दिवस झाले की हे शेवटचं मोठं जेवण, त्यानंतर त्याला मोकळं सोडायचं. यू मुसने महिन्याभरापासून ठरवलं होतं की लुम्पिया आपल्याकडचेच हवेत, कारण मासरुखीनला तेच आवडायचे. मी पहाटेपासून कोंब चिरत बसले. सारण परतायचं आणि पारीत गुंडाळून तळायचं काम पापांकडे. चाळीस वर्षं त्यांच्याकडेच आहे.

तुझ्या आजीचा नियम तुला सांगायला नको. पुढचं स्वयंपाकघर गिऱ्हाइकांचं, मागचं आपलं. पुढे खोबरेल, मागे चरबी. मागचा झारासुद्धा उंबरा ओलांडून पुढे येत नाही. एवढ्या एका नियमावर आपलं चिनी माणसांचं दुकान या मुसलमान गल्लीत उभं आहे.

ताटं पलीकडे पोचली, प्रार्थना सुरू झाली, तेव्हा मी पुढची कढई घासायला घेतली. कडेला पांढरा थर जमला होता. या उकाड्यात खोबरेल असं गोठत नाही. मी बोट लावून चाखलं. मागे जाऊन बघितलं, चरबीचा डबा रिकामा. तुझे पापा स्टुलावर बसून वारा घेत होते. मला म्हणाले, "आज अगदी आईच्या हातचं झालंय बघ. नुसत्या तेलात कसली चव?"

मी विचारलं, हे असं का केलंत? तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच वेड्यासारखं बोलतेय. म्हणाले, आपण काय पहिल्यापासून असंच करत नाही का? ते लहान होते तेव्हा घरात तसं करायचे, हुई, दुकान निघायच्या आधी. तुला मी कळवलं नव्हतं. या वर्षभरात त्यांचं डोकं मागे मागे चाललंय.

भिंतीपलीकडून लोक जेवत असल्याचा आवाज येत होता. मी तिथेच उभी राहिले. धावत जाऊन ताटं हिसकावून घ्यायला हवी होती. नाही गेले.

सांग, काय करू?


लासेम, सोमवार, ११ मे

हुई,

तुझं पत्र यू मुसने स्वतःच्या हाताने आणून दिलं. देऊन गेली असती तर ठीक, पण बसली. चहा घेतला. पोरीने काय लिहिलंय म्हणाली. मी म्हटलं, खोकला झालाय. तर घरी गेली, आलं आणि माडाचा गूळ कुटून आणला, म्हणे सेमारांगला कुणी जाणार असेल तर पाठव. ती पुडी माझ्यासमोर आहे. धाडत नाही, कारण तुला खोकला झालेलाच नाही.

तू लिहितेस की नकळत खाणाऱ्याला पाप नाही. ते वाचून मी जरा श्वास घेतला. पण पुढे तू लिहितेस की आई, तू तिला सांग, कारण तिची ताटं-वाट्या नापाक झाल्यात, सात वेळा धुवाव्या लागतात, त्यातलं एक पाणी मातीचं. आता मला सांग, यू मुसची विहीर कुठे आहे? अंगणात, नमाजघरासमोर. ती तिथे बसून पंगतीची सगळी ताटं माती लावून घासायला लागली की गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा विचारेल, कशाचा विटाळ झाला? मग कोपऱ्यावरची चहावाली सार्मी आहेच. दुपारपर्यंत बाजारात, संध्याकाळपर्यंत रेंबांगपर्यंत.

आणि दिवस कसले आहेत बघ. मेदानमध्ये आपल्या लोकांची दुकानं फोडली, हे सार्मीनेच मला सांगितलं, चहा ओतता ओतता. तांदूळ महाग झाला की आपण साठेबाज, तेल महाग झालं की आपण चोर. काल एक गिऱ्हाईक बटाट्याच्या क्रोकेटचा भाव ऐकून म्हणालं, "तुमचं काय, तुम्ही जाल सिंगापूरला." मी कशी जाणार सिंगापूरला? माझ्याकडे साधा पासपोर्ट नाही. मी जन्मले इथून दोन गल्ल्यांवर.

पापांचा तो जुना विनोद तुला आठवतो? गिऱ्हाइकाला ताट दाखवून म्हणायचे, "पारी चीनची, कोंब जावाचे, क्रोकेट डच मडमेचं, मार्ताबाक हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमानाचं. यातून परका म्हणून मला हाकललंत तर तुम्ही खाणार काय?" लोक हसायचे. परवा ते पुन्हा म्हणाले. कुणी हसलं नाही. मी त्यांना आत नेलं.

तर नाही, मी सांगणार नाही. तुझं काय जातंय तिकडे बसून 'सांग' म्हणायला?

रागावू नकोस. मला ठाऊक आहे तू असं का म्हणतेस. त्या वर्षी नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी तुझ्या पापांनी तुझ्या ताटात डुकराचा रस्सा वाढला आणि म्हणाले, हे खाल्लंस तर तू माझी मुलगी. तू ताटावरून उठलीस. एका घासापायी घर सोडलंस. तोच घास मी यू मुसला भरवला, तोही तिच्या नवऱ्याच्या नावाने. म्हणून तर तुला विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारणार?

अजून एक ऐक, म्हणजे तुला कळेल मी कशी जगतेय. सगळे म्हणतात, असे लुम्पिया उभ्या जन्मात खाल्ले नव्हते. मुअज्जिनच्या बायकोने थांबवून विचारलं, या वेळी काय घातलंत? मी म्हटलं, लसूण जास्त. आणि यू मुसने येत्या शुक्रवारच्या बायकांच्या पठणासाठी पुन्हा लुम्पिया सांगितलेत. "तीच चव हवी हं, चिक," म्हणाली. ती मला अजून चिक म्हणते, मी तिला यू, दोघी एकमेकींच्या ताया. आम्ही दोघी सुना म्हणून या गल्लीत एकाच वर्षी आलो.

मी हो म्हणाले. तेलातच करीन, लसूण भरपूर घालीन. पापांना आता पुढच्या स्वयंपाकघरात येऊ देत नाही. ते उंबऱ्यापाशी उभे राहतात आणि विचारतात, मी काय केलं?

आई


लासेम, शुक्रवार, १५ मे

हुई,

तू येऊ नकोस. आधी हे वाच, मग बाकीचं. येऊ नकोस. फोन केलास तो मीच उचलला, पण पापा शेजारी होते, म्हणून चुकीचा नंबर म्हणून ठेवला.

सोलो शहर जळतंय. टीव्हीवर दाखवत नाहीत, पण पापांच्या मामेभावाचा फोन आला होता, त्याचं दुकान, वरचं घर, सगळं गेलं. माणसं वाचली. जकार्ताचं तर बोलूच नकोस. इथे म्हणतात ट्रक निघालेत. कुठून, कुणाचे, कुणाला माहीत नाही. सार्मीने टपरी बंद केली. सार्मीने टपरी बंद केलेली मी कधी बघितली नव्हती.

शटर खाली आहे. मी आत अंधारात बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. पापा मागे झोपलेत.

सकाळी शटरवर धाडधाड झालं. कुठली तरी जड वस्तू हातात असावी म्हणून मी लाटणं उचललं, आणि पलीकडून यू मुसचा आवाज आला. तिने आपला नमाजाचा गालिचा आणला होता, मासरुखीनचा, हिरवा. तिच्या मुलाने, फत्खुरने, तो बाहेरून शटरवर टांगला. मग पांढरा रंग घेऊन लिहिलं, मुसलमानाचं दुकान. आता ती शटरसमोर वेताची खुर्ची टाकून बसलीये. पुरुष शुक्रवारच्या नमाजाला मोठ्या मशिदीत गेले, गल्ली ओस पडली, ती उठली नाही. शटरच्या फटीतून मला तिची पाठ दिसते. जपमाळ ओढतेय.

आजच तिच्या बायकांचं पठण होतं. रद्द झालं.

मला भीती कशाची वाटते विचारशील तर ट्रकची वाटते. पण खरं सांगू, मघापासून मी ट्रककडे कान देऊन नाहीये. मी तिच्या पाठीकडे बघतेय. कुणीतरी आत्ता येऊन तिला सांगितलं तर? ती तो गालिचा कशी ओढून काढील, ते मी मनात दहादा बघितलं.

थांबते. गाडीचा आवाज येतोय.


लासेम, रविवार, १७ मे

हुई,

आम्ही जिवंत आहोत. घर उभं आहे. परवाचं अर्धं पत्र याच पाकिटात घालतेय, पोस्ट आज बंद आहे, उद्या कुणाच्या तरी हाती देईन.

तो ट्रकच होता. गल्लीच्या तोंडाशी थांबला. उतरलेली पोरं आपल्याकडची नव्हती, बोलण्यावरून कळत होतं. हातात लोखंडी गज. मी फटीला डोळा लावून बसले होते. त्यांनी यू मुसला विचारलं, "आजी, दुकान कुणाचं?"

ती म्हणाली, "माझं."

"खरं?"

"नमाजाच्या दिवशी माझ्या तोंडाला लागू नका. नमाजघर समोर आहे, आत सगळा गाव बसलाय, जाऊन विचारा या मुस्लिकाचं दुकान कोणतं."

नमाजघर रिकामं होतं, पण ती पोरं घुटमळली. एकाने शटरवर लाथ मारली, उगाच, जाता जाता. ती लाथ माझ्या छातीत बसली. मग ट्रक मागे गेला.

मी शटर वीतभर वर केलं. असं करायचं मी ठरवलं नव्हतं, देवाशपथ. सांगणार नाही असंच ठरवलं होतं. पण ती माझ्यासाठी खोटं बोलली होती, नवऱ्याच्या गालिच्याखाली बसून, शुक्रवारी. मी जमिनीवर बसूनच म्हणाले, "यू, गालिचा काढून घे. त्या दिवशीच्या लुम्पियात डुकराची चरबी होती."

तिची जपमाळ थांबली. वळली नाही. विचारलं, "कुणी घातली?"

"मी."

"खोटं बोलू नकोस. तुझ्या हातून उंबरा चुकायचा नाही. तुझ्या लिओंगने घातली ना? मागच्या महिन्यात माझ्या दारात येऊन मासरुखीनला हाका मारत होता. चल मासे धरायला म्हणे." मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. तुम्ही जेवत होता तेव्हा."

यावर ती वळली. हुई, ती मला शिव्या देईल, थुंकेल, असं सगळं मी मनात बघून ठेवलं होतं. पण तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "पहिला लुम्पिया मी त्याच्या नावाने बाजूला काढला होता. तू भिंतीपलीकडे उभी होतीस. हाक मारली असतीस तरी मला ऐकू आलं असतं."

मी म्हटलं, मला भीती वाटली. ती म्हणाली, कुणाची? माझी? आणि उठली, खुर्ची उचलली, घरी गेली. गालिचा तसाच राहिला. मुद्दाम ठेवला की विसरली, ते मला कळेना.

ती संध्याकाळ मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. पुरुष नमाजाहून परतले. फत्खुरचा आवाज ऐकला, मग यू मुसचा, हळू. मी भिंतीला कान लावला. काही कळलं नाही. आता तो येईल, आता गल्ली येईल, असं दर पावलाला वाटायचं. पापांना मी जाडे बूट घालून ठेवले होते, पळायची वेळ आली तर. ते विचारत राहिले, लग्नाला जायचंय का कुणाच्या?

काल सकाळी मागचं दार वाजलं. पुढचं नाही, मागचं, जिथून तुझी आजीसुद्धा परक्याला आत घेत नसे. यू मुस उभी होती. कमरेवर ताटांची टोपली, हातात पिशवी. म्हणाली, "दार लाव. बाकीची भिंतीवरून घे, फत्खुर देतोय."

त्याला तिने सांगितलं होतं. अजून कुणालाही नाही. विहिरीवर धुतली असती तर लोकांनी विचारलं असतं, आणि या दिवसांत लोकांना काही विचारायला लागू नये, म्हणून ती त्या ताटांसकट माझ्या मागच्या अंगणात आली. पिशवीत माती होती, शेतातली, चाळलेली. जे जेवले त्यांना कळलं नाही, त्यांच्यावर काही नाही, असं ती म्हणाली, तू लिहिलं होतंस तसंच. "माझ्यावर आता आहे. मला कळलंय." नेसूचं आवरून बसली आणि मला म्हणाली, "तू घास. मी मोजते."

मी घासलं. आधी मातीचं पाणी, मग साधं सहा वेळा. प्रत्येक ताटाला ती मोठ्याने मोजायची, आणि मी मध्ये काही बोलायला गेले की पुन्हा एकपासून सुरू. माझी बोटं सोलवटली. तिची ताटं झाली तशी म्हणाली, आता तुझ्या पुढच्या कढया आण. त्या झाल्यावर म्हणाली, मागच्या पण आण. मी म्हटलं, यू, मागच्या तर आमच्या, त्यात आम्ही—. ती म्हणाली, "लिओंगला मागचं-पुढचं आठवतं का आता? एक तरी डबा या घरात राहिला की तो पुन्हा चुकेल." बरोबर होतं ते. उरलेली चरबी तिने मला परसात खड्डा करून पुरायला लावली. तुझ्या आजीची मोठी कढई, झारे, सुऱ्या, पाट, आपली जेवायची ताटं, सगळं निघालं. पितरांच्या नैवेद्याला यापुढे कोंबडी ठेवीन. पितरांना काय वाटेल ते वाटो, त्यांना इथे राहायचं नाहीये.

मध्येच रस्त्यावरून कुणी धावत गेलं तर तिचा मोजणारा हात तसाच वर राहायचा. मग ती पुढचा आकडा म्हणायची.

तिने मला माफ केलंय असं समजू नकोस. जाताना स्वच्छ सांगून गेली, "तुझ्या हातचं मी आता खाईन की नाही मला ठाऊक नाही. विचारू नकोस." नाही विचारणार. गालिचा अजून शटरवर आहे आणि आज सकाळी ती पुन्हा खुर्ची टाकून बसली. मी चहा नेला, तिने घेतला नाही. खुर्ची मात्र हलवली नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आम्ही घासत होतो तेव्हा पापा उठून अंगणात आले. एवढी भांडी बघून त्यांना वाटलं, नवीन वर्षाची साफसफाई. बाह्या सारून खाली बसले, फडकं घेतलं आणि ताटं पुसायला लागले. चांगले खुशीत होते. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "हुई कुठाय? पुसायचं काम तिचं आणि बसली असेल कुठे पुस्तक घेऊन. हाक मार तिला."

यू मुसने माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव निघालं नव्हतं.

मी म्हटलं, सेमारांगला गेलीये, येईल. म्हणाले, "एवढ्या लांब एकटी? कुणी पाठवली?"

त्यांना भांडण आठवत नाही, हुई. ते ताट, तो रस्सा, काय बोलले ते, काहीच नाही. तू आठवतेस. हे किती दिवस टिकेल ते मला सांगता येत नाही. संध्याकाळी त्यांनी मला दोनदा आई म्हणून हाक मारली.

आत्ताच निघू नकोस, मला अजून प्रत्येक गाडीच्या आवाजाला घाम फुटतो. पण बस सुरू झाली, रस्ता ठीक आहे असं सुतिक्नोने दोघा-तिघांना विचारून घेतलं, की ये. डोक्यावर रुमाल बांधूनच ये, सरळ पुढच्या दाराने. आपल्या घरातलं एकूण एक भांडं सात पाण्यांनी धुतलंय. तुला कुठल्याही ताटात जेवता येईल.

आई